खेड्यांतील पाणी आणि गांवकऱ्यांचा वांटा



सकाळीं उठून तोटी फिरविली कीं पाणी येतें, आणि न आलें तर आपण नगरपालिकेला दोष देऊन मोकळे होतों. पाणी कोठल्या तळ्यांतून निघालें, त्यांत औषध कोणीं घातलें, वाटेंत नळ फुटला तर तो कोण जोडतो, याची विचारपूस करण्याचा प्रसंग शहरांतल्या गृहस्थावर सहसा येत नाहीं. पट्टी भरली कीं त्याचें कर्तव्य संपलें. मुंबईच्या किंवा पुण्याच्या रहिवाशाला कोणीं कधीं असें म्हटलें आहे काय, कीं बाबा रे, तुला नळ हवा असेल तर आधीं खर्चाचा दहावा हिस्सा जमव, समितींत बैस, हिशेब लिही आणि टाकीही तूंच धुऊन काढ? खेड्यांतल्या माणसाला मात्र गेलीं पंचवीस वर्षें नेमकें हेंच सांगण्यांत येत आहे. त्याला 'लोकसहभाग' असें भारदस्त नांव आहे. ही मागणी न्याय्य आहे कीं गरिबाच्या गळ्यांत अडकविलेलें हें लोढणें आहे, याचा आज थोडा विचार करावा असें मीं योजिलें आहे.

ही कल्पना कोणा तत्त्वज्ञाच्या डोक्यांतून निघाली असें नाहीं. तिचा बराचसा उगम मोडलेल्या हातपंपांत आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील विहिरी आटल्या आणि कातळ फोडणारीं यंत्रें आणून गांवोगांव विंधनविहिरी घेण्यांत आल्या. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मूळच्या परदेशी नमुन्यांवरून ओतलेले, एका कुटुंबाच्या गरजेपुरते. एका घरानें हलवावयाचा दांडा सारें गांव पहांटेपासून रात्रीपर्यंत हलवूं लागलें. तो किती दिवस टिकणार? जालन्याला व सोलापूरला मिशनच्या कार्यकर्त्यांनीं पोलादी, दणकट पंप तयार केले, आणि सोलापूरच्या नमुन्यावरून पुढें 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला. तो आफ्रिकेपर्यंत गेला. परंतु त्यालाही एक खोड होती. खालचा वायसर झिजला कीं सगळे लोखंडी नळ एकेक करून वर ओढावे लागत, आणि त्यासाठीं बाहेरून गाडी, अवजड हत्यारें व माणसांची टोळी यावी लागे. ती येईपर्यंत बायका पुन्हां जुन्या डोहाकडे. म्हणून 'मार्क थ्री' मध्यें उभा नळ अडीच इंच रुंदीचा केला. त्यांतून दट्ट्या तेवढा वर काढतां येतो आणि वायसर गांवांतल्या गांवांत बदलतां येतो. नळ रुंद झाला तेव्हां कोठें गांवकऱ्याला दुरुस्तींत हात घालतां आला. नुसत्या व्याख्यानांनीं हें घडलें नसतें. (माझेंही हें एक व्याख्यानच आहे, हें मी विसरलों नाहीं.)

१९९० च्या सुमारास उत्तर प्रदेशांतील बांदा जिल्ह्यांत 'महिला समाख्या' या सरकारी उपक्रमांतून दलित व आदिवासी समाजांतील बायकांना हातपंप दुरुस्त करण्याचें शिक्षण देण्यांत आलें. पाना फिरविणें हें पुरुषाचें काम, ही समजूत त्यांनीं पंपाच्या नटबोल्टांबरोबरच उकलून टाकली. कामामुळें लिहिण्यावाचण्याची निकड त्यांना भासूं लागली, आणि पुढें त्यांच्यामधून 'महिला डाकिया' नांवाचें पत्रकही निघालें.

महाराष्ट्रांत २००० सालीं सरकारनें धोरण बदललें. तोंवर सरकार ठरवी, ठेकेदार बांधी आणि गांव वापरी. आतां गांवानें ग्रामसभेंत मागणी करावी, खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणी म्हणून द्यावा आणि योजना चालविण्याचा भार आपणच वाहावा असें ठरलें. जागतिक बँकेच्या साहाय्यानें २००३ पासून चाललेला 'जलस्वराज्य' प्रकल्प याच पायावर उभा होता. २०१९ मध्यें जाहीर झालेल्या 'जल जीवन मिशन'नेंही तेंच सूत्र उचललें. घरोघर नळ, माणशीं दररोज ५५ लिटर पाणी. गांवांतील कामाच्या खर्चांत लोकांचा वांटा सामान्यतः दहा टक्के, डोंगराळ वा वनप्रदेशांत आणि अनुसूचित जाति-जमातींची बहुसंख्या असेल तेथें पांच टक्के. पाणी समितींत निम्म्या जागा स्त्रियांच्या.

कागदावर हें सुरेख आहे. व्यवहारांत ही वर्गणी कित्येकदां ठेकेदारच गांवाच्या नांवें भरून टाकतो. वरवर पाहतां यांत वाईट काय? गरिबाचे पैसे वांचले. पण मग कामाचा जाब त्याला कोण विचारणार? तीन फूट खोल पुरावयाचा नळ त्यानें एका फुटावर पुरला, तर बोलण्याचें तोंड गांवाला उरत नाहीं. ज्या घरानें पदरचे पांचशें रुपये मोजलेले असतात, त्या घरचा माणूस चराच्या कडेला उभा राहून खोली मोजतो. मला वर्गणीचें समर्थन करावयाचें झालें तर मी एवढ्याच कारणासाठीं करीन. खजिन्यांत त्यामुळें पडणारी भर क्षुल्लक आहे.

आणि 'गांव' म्हणजे तरी कोण? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ मध्यें केला. महाडच्या नगरपालिकेनें पुढील वर्षीं त्याला अनुसरून आपलें तळेंही खुलें केलें. तरीसुद्धां २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें, आणि त्यापायीं सत्याग्रहींना मार खावा लागला. आज कायद्यानें कोणाला अडवितां येत नाहीं. मात्र टाकी कोणत्या वस्तीजवळ बांधावी, मोठा नळ कोणत्या आळींतून न्यावा, पाणी सोडणाऱ्यानें कोणता व्हॉल्व्ह आधीं उघडावा, या साध्यासुध्या दिसणाऱ्या प्रश्नांत तो जुना अन्याय अजून दबा धरून बसलेला असतो. टाकीजवळच्या घरांनीं नळाला मोटार लावली कीं टोंकाच्या वस्तींत हंडा भरत नाहीं. ग्रामसभा भरते तेव्हां त्या वस्तींतली बाई पाण्याच्या रांगेंत उभी असते. समितीच्या कागदावर तिचें नांव असतें, आणि सही कोणीतरी घरीं येऊन घेऊन गेलेला असतो.

शौचकूपाचें प्रकरण याहून नाजूक. दोन खड्ड्यांचा शौचकूप ही मोठ्या शहाणपणाची आणि कमी खर्चाची रचना आहे. एक खड्डा भरला कीं मळ दुसऱ्यांत वळवावयाचा. पहिला वर्ष-दीड वर्ष झांकून ठेवला म्हणजे आंत वास नसलेलें खत तयार होतें. ताजा मळ उपसण्याची पाळी कोणावरही येत नाहीं. तरीही पुष्कळ घरें हट्टानें भली मोठी बंद टाकी बांधतात. कारण खड्डा उघडण्याची नुसती कल्पनाही त्यांना सोसत नाहीं. तें काम 'आपलें' नव्हे, हें मनांत पिढ्यान्‌पिढ्या ठसलेलें आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम स्वतःच्या हातांनीं केलें आणि मळाचें खत करण्याचे प्रयोग केले, तें या मनावर घाव घालण्यासाठीं. २०१४ नंतर पात्र घरांना बारा हजार रुपयांचें साहाय्य मिळून शौचकूप कोट्यवधि बांधले गेले, पण शिवाशिव अनुदानानें जात नाहीं. २०१७ मध्यें केंद्रीय खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणांतील गंगादेवीपल्ली गांवीं स्वतः अशा खड्ड्यांत उतरले आणि त्यांनीं तें खत बाहेर काढून दाखविलें. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला हें करावें लागलें, यावरून रोग किती खोल आहे तें कळतें.

नळ आला, टाकी झाली, आणि उद्भवच आटला तर? अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें यावर काढलेला उपाय प्रसिद्ध आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें पडलेला पाऊस मोजतात आणि ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधीं माणसांचें व गुरांचें पाणी बाजूला काढावयाचें, उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं, आणि शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं. स्वतःच्या जमिनींत स्वतःच्या पैशानें भोंक पाडण्यास शेजाऱ्यानें मनाई करावी आणि आपण ती मानावी, ही सोपी गोष्ट नाहीं. म्हणूनच हिवरे बाजार पहावयास जाणारे पुष्कळ, आणि तसें करणारीं गांवें थोडीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे. मुंबईची तहान भागविणारे तानसा, भातसा, मोडकसागर हे जलाशय शहापूर तालुक्यांत व त्याच्या आसपास आहेत. तानसाचें धरण तर १८९२ सालचें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते. त्यांना 'सहभागी व्हा' असें सांगतांना आपली जीभ थोडी अडखळावयास हवी. माझें मत असें कीं कामावर देखरेख, पाणीपट्टी, हिशेब आणि पाण्याच्या पाळ्या या गोष्टी गांवानेंच हातीं ठेवाव्या; तेथें बाहेरचा माणूस उपयोगी नाहीं. पण दूरच्या उद्भवाचा खर्च, जळालेला मोठा पंप, पाण्यांत फ्लोराइड निघालें तर त्याचा बंदोबस्त, हीं ओझीं दीडशें उंबऱ्यांच्या गांवावर टाकणें याला सहभाग म्हणतां येणार नाहीं.

आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ घर अजून एखाद्या खेड्यांत असेल, आणि तेथील पाणीपट्टी थकलेली असण्याचाही संभव आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरविण्याचा महाराष्ट्रांत प्रघात आहे, आणि या चारही दिवशीं आपल्याला सुट्टी असते. थकलेली पट्टी भरून एखाद्या सभेला मागच्या बाजूस बसून यावें. टाकी शेवटची केव्हां धुतली आणि टोंकाच्या वस्तीला पाणी किती वाजतां पोंचतें, एवढे दोन प्रश्न कोणीं विचारले, तरी समितीला आपली वही उघडावी लागते.