कथानक अडलं तर…



कथा-कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. सुरुवातीची पानं झरझर होतात आणि मग गाडं रुतून बसतं. पुढं काय घडवावं ते सुचत नाही. अशा वेळी नवे लेखक हमखास एखादी घटना आणून टाकतात. अपघात, आजारपण, नाही तर मुंबईहून अचानक उगवलेला पैसेवाला मामा. गोष्ट चार पानं सरकते आणि पुन्हा थांबते. मला वाटतं, अडलेल्या गोष्टीत नवी घटना घालण्याआधी ती कोण सांगतंय आणि कुणाला सांगतंय, हे तपासावं.

आपल्या खानदेशाशी नातं असलेली दोनच पुस्तकं घ्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ती प्रवचनं लिहून घेत. बोललेला शब्द कागदावर कसा उतरवायचा, याचा तो रियाजच म्हणायचा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि पाच दिवसांत पुस्तकाचा बराचसा भाग हातावेगळा केला. या पुस्तकाला रूढ अर्थानं कथानक आहे कुठं? श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री. ऐकणारे समोर बसलेत, त्यामुळे उद्याची चिंता नाही. आजची रात्र नीट सांगितली की झालं.

दुसरं पुस्तक यावलकडच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांचं. ‘कोसला’ १९६३ची, लेखकाचं वय पंचविशीचं. खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि शेवटी गावी परततो. हकीकत एवढीच. पण ती पांडुरंग स्वतः सांगतो, आणि सांगण्याची तऱ्हा बदलत राहतो. एक अख्खं वर्ष रोजनिशीत येतं. कुठं तो आणि त्याचा मित्र इतिहास संशोधकांचा आव आणून आजच्याच काळाकडे बघतात. घटना मोजक्या असूनही कादंबरी अडत नाही.

आता आपल्या वहीकडे येऊ. समजा, रावेरकडची गोष्ट आहे. जूनच्या वादळात केळीची बाग आडवी झाली. घड कापणीला आलेले. घरात मुलीचं लग्न ठरलेलं. लेखक बापाच्या बाजूनं लिहीत जातो आणि पैसा कुठून आणायचा, इथं अडतो. मग मामा येतो! त्याऐवजी हीच गोष्ट त्या मुलीला सांगू द्या, तीही धाकट्या बहिणीला, रात्री गच्चीवर पडल्या पडल्या. कर्जाचे आकडे तिला ठाऊक नाहीत. तिच्या मनात वेगळंच सलतंय : बाग पडली त्याच संध्याकाळी सासरकडून फोन आला, तर त्यांना बातमी दिली कुणी? प्रश्न बदलला की गोष्टीला वाट फुटते. भाषाही सुधारते, कारण सख्ख्या बहिणीशी कुणी पुस्तकी बोलत नाही.

एवढं करूनही गोष्ट हलली नाही, तर मागची पानं उलटा. कुठं तरी एखाद्या माणसाला तुम्ही केवळ सोयीसाठी त्याच्या स्वभावाविरुद्ध वागवलेलं असतं. ते पान निर्दयपणे फाडा. आणि वेळ लागला तर लागू द्या. नेमाड्यांची ‘झूल’ १९७९ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ २०१०ची. मध्ये ३१ वर्षं गेली.

तेव्हा मित्रहो, अर्धवट राहिलेली गोष्ट बाहेर काढा. जेवणं आटोपली की घरातल्या कुणाला तरी ती तोंडी सांगा, आपल्या बोलीत, अहिराणीत म्हणा की तावडीत. ऐकणारा जिथं ‘मग?’ म्हणून विचारेल तिथून पुढं लिहा, आणि जिथं जांभई देईल तो भाग खुशाल गाळा.