अंधारी खोली आणि संगणकाचा पडदा

“प्रत्यक्ष फोटो आहे, मग शंका कसली?” एवढ्या एका वाक्यानें पुष्कळ वाद मिटविले जातात. चित्रकार आपल्या मनचें कांहीं घालील. पण कॅमेऱ्याला मन नाहीं, तेव्हां तो खोटें कसें बोलेल, असा त्यामागचा तर्क असतो. हा तर्क कितपत टिकतो हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

या विद्यार्थ्याचें नांव थॉमस नोल. त्याचे वडील त्याच विद्यापीठांत प्राध्यापक होते आणि छायाचित्रणाचा त्यांना मोठा नाद होता. घराच्या तळघरांत त्यांची अंधारी खोली होती. तेथें मुलानें फोटो छापण्याची विद्या हस्तगत केली. ही विद्या निव्वळ यांत्रिक नव्हे. कागदावर प्रकाश पडत असतां चेहरा फार काळवंडेल असें वाटलें, तर काडीला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्यें धरून तेवढा भाग उजळ ठेवतां येतो. उलट आकाश फिकें पडत असेल, तर हातांच्या फटींतून त्यावर जास्त वेळ प्रकाश सोडून तें गडद करतां येतें. म्हणजे कॅमेऱ्याला मन नसलें तरी छापणाऱ्याला असतें, आणि तें प्रत्येक फोटोंत उतरतें.

१९८७ सालीं थॉमस डॉक्टरेटसाठीं अभ्यास करीत होता. संगणकानें चित्रें कशीं ओळखावीं, हा त्याचा विषय. त्याच्याजवळील मॅकिन्टॉश प्लस यंत्राच्या पडद्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके होते. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीं तर पांढरा. राखी छटा दाखविण्याची सोयच नव्हती, आणि तिच्यावांचून छायाचित्र तें कसलें? तेव्हां काळे ठिपके कोठें दाट, कोठें विरळ पेरून डोळ्यांना राखी रंगाचा भास होईल, अशी एक आज्ञावली त्यानें रचली. वर्तमानपत्रांतील फोटो भिंगाखालीं धरल्यास अशीच युक्ति दिसते.

त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील अद्भुत दृश्यें तयार करणाऱ्या संस्थेंत कामाला होता. या आज्ञावलीचें मोल त्यानें ओळखलें. त्याच्या आग्रहावरून तींत एकेक सोय वाढत गेली, आणि प्रबंधाचें काम मागें पडलें. मर्म सोपें होतें. चित्र संगणकांत शिरलें कीं प्रत्येक ठिपक्याच्या जागीं एक अंक येतो. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. अंक वाढविले कीं चित्र उजळतें. एका जागचे अंक दुसरीकडे मांडले कीं झाड जागा बदलतें. बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या एका तरुणीचा फोटो घेऊन जॉन प्रयोग करून दाखवी. पाहतां पाहतां एकीच्या दोघी होत! फेब्रुवारी १९९० मध्यें अडोबी कंपनीनें ही आज्ञावली ‘फोटोशॉप’ या नांवानें बाजारांत आणली. पुढील आवृत्त्यांत उजळ आणि गडद करण्याच्या साधनांना चिन्हें मिळालीं तीं काडीवरील चकतीचीं आणि मुठीच्या फटीचीं. तळघरांतील अंधारी खोली अशी पडद्यावर येऊन बसली.

मग फोटोंतील खोटेपणा या विद्यार्थ्यानें जन्माला घातला काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १८५७ सालींच ऑस्कर रेलँडर यानें तिसांहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र सिद्ध केलें होतें. पण त्यानें आपली कृति लपविली नाहीं. उलट पुढच्याच वर्षीं लंडनच्या छायाचित्रकारांपुढें ती उलगडून सांगितली. याच्या उलट फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाची गोष्ट. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकानें जवळ सरकविले गेले, आणि वाचकांनीं तें दृश्य जसेंच्या तसें मानलें. फोटोशॉप तेव्हां जन्मलेंही नव्हतें.

फरक पडला तो श्रमांचा. रेलँडरला आठवडे खर्चावे लागले, मासिकाला महागडीं यंत्रें लागलीं. हे श्रम आणि हा खर्च हेंच सत्याभोंवतीं एक कुंपण होतें. तें आतां मोडलें आहे. खिशांतल्या फोनवर शाळकरी मूल क्षणांत माणूस पुसून टाकतें.

आजोबांच्या जुन्या फोटोवरील ओरखडे कोणी पुसले, तर त्यांत पाप नाहीं. मात्र तोच हात एखाद्या दंग्याच्या फोटोंतून एक माणूस काढून दुसरा बसवूं लागला, तर एखाद्या निरपराध्याचें घर उद्ध्वस्त होऊं शकतें. दोन्हीकडे अंकच बदलतात. भेद असतो तो पाहणाऱ्याला सांगण्यांत आणि न सांगण्यांत. म्हणून यापुढें फोटो हा पुरावा नव्हे, तर साक्षीदार मानावा, आणि साक्षीदाराला विचारतात तेंच त्यालाही विचारावें: तुला कोणी आणलें, केव्हां आणलें, आणि तुझें मूळ रूप कोठें आहे?