शिट्टी आणि कार्यवाहपद

१५ जुलै हा दिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. हा जन्मदिवस कुणा गाजलेल्या चढाईपटूचा नाही, तर शंकरराव ऊर्फ बुवा साळवी या संघटकाचा आहे. खेळाने आपला दिवस कार्यकर्त्याच्या नावाने पाळावा, यात कबड्डीची खरी जडणघडण दिसते. बुवांचे नाव राज्यभर झाले. पण जिल्ह्याजिल्ह्यांत अशी कितीतरी माणसे होऊन गेली, ज्यांच्याकडे असोसिएशनचे कार्यवाहपदही होते आणि गळ्यात शिट्टीही होती. नोकरी सांभाळून संघांची नोंदणी करायची, किशोर गटातल्या मुलांचे जन्मदाखले तपासायचे, वजने घ्यायची, सामन्यांचा कार्यक्रम लावायचा, मैदानावर फक्की नीट पडली की नाही ते बघायचे आणि मग स्वतःच सरपंच म्हणून उभे राहायचे. कबड्डी उभी राहिली ती या दुहेरी कामावर. कारभार एकाने करायचा आणि पंचगिरी भलत्यानेच, अशी जी फारकत आता होत चालली आहे, ती या खेळाला परवडणारी नाही असे माझे मत आहे.

याला इतिहासाचा आधार आहे. हुतूतू गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाई. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो की नाही, इथपासून मतभेद होते. १९२३ साली बडोद्याला नियम बांधून सामने झाले, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके दाखवली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. या प्रवासात खेळाडूंचा पराक्रम आहेच. पण सांगलीचा सामना आणि कोलकात्याचा सामना एकाच नियमाने सुटेल, ही खात्री खेळाडू देऊ शकत नाही. ती पंच देतो. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर, हे पुस्तकात छापणे सोपे आहे. गर्दीच्या आरडाओरडीत, यजमान संघाच्या गावात, चढाईपटूचा पाय ती रेषा ओलांडून गेला की नाही हे निर्भयपणे सांगणारी माणसे घडवणे अवघड असते. ती घडवली या कार्यवाहांनी: पंच शिबिरे भरवून, परीक्षा घेऊन, आणि वादाच्या सामन्याला स्वतः पुढे होऊन. मैदानावरचा वाद अंगावर घेतलेला माणूस बैठकीत नियमदुरुस्तीवर बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येते ते त्यामुळेच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: संघ निवडणारा आणि निकाल देणारा एकच असेल, तर न्याय कसा व्हायचा? आक्षेप रास्त आहे. आपल्या जिल्ह्याच्या सामन्यात त्या जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्याने शिट्टी हाती घेऊच नये. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे; म्हणजे स्पर्धेच्या प्रमाणपत्रामागे एखाद्या घराची भाकरी असते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. तेव्हा तटस्थ पंच हवेतच. पण एका सामन्यात दोन भूमिका नकोत, म्हणून एका आयुष्यातही त्या नकोत असे ठरत नाही. वर्षानुवर्षे पंच राहिलेला माणूस कारभारात आला, तर पक्षपात कुठून शिरतो हे त्याला इतरांपेक्षा आधी कळते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी आली, मॅट आली, कॅमेरे आले. आता पंचाच्या अनुभवाची मातब्बरी ती काय, असे विचारले जाते. याचे उत्तर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेने दिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण यांच्यातला पुरुषांचा अंतिम सामना २८–२८ असा अटीतटीला आलेला असताना पवन सेहरावत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. कुणाचा पाय कुठे पडला हे कॅमेऱ्यांनी स्पष्ट दाखवले होते. प्रश्न होता तो नियमाचा: जुन्या नियमाने ते बचावपटूही बाद ठरत होते, नव्याने फक्त चढाईपटू. निर्णय फिरत राहिले, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सुमारे तासभर सामना थांबला. भारत ३३–२९ असा जिंकला, पण त्या तासाने दोन्ही संघांवर अन्याय केला. कुठला नियम लागू आहे हे स्पर्धेआधी प्रत्येक संघाला आणि प्रत्येक पंचाला पक्के ठाऊक असणे, हे कारभाराचे काम होते, आणि ते पंचाच्या नजरेने बघणाऱ्यालाच सुचते. शिवाय दम सुटला की नाही हे अजूनही कानानेच ऐकावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सेवेच्या नावाखाली खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहतात. राष्ट्रीय कबड्डी महासंघाच्या बाबतीत २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला निवडणूक रद्द करून प्रशासक नेमावा लागला, ही या खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला लागणारी गोष्ट आहे. वयाची आणि कार्यकाळाची मर्यादा पाळलीच पाहिजे. जुन्या कार्यकर्त्यांच्या त्यागाचा दाखला देऊन ती टाळता येणार नाही. मात्र रिकाम्या झालेल्या खुर्चीत ज्याने पंच परीक्षेचा पेपरही पाहिलेला नाही असा पुढारी बसला, तर आजार तोच राहतो, फक्त आडनाव बदलते. खेळाडूंना कार्यकारिणीत स्थान असावे, हे आता सर्वमान्य होत आहे. तसेच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, किमान काही हंगाम राज्य स्पर्धांत काम केलेल्या स्त्री-पुरुष पंचांना प्रत्येक जिल्हा असोसिएशनच्या घटनेत मतासह जागा मिळावी, त्यांचे मानधन वेळेवर मिळावे आणि कोणता पंच कोणत्या सामन्याला नेमला याची यादी स्पर्धेआधी जाहीर व्हावी. एवढे करायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्याची पुढची सर्वसाधारण सभा पुरेशी आहे.