थांबायला शिकलेला पडदा



व्याख्यानमालेत गेमिंग मॉनिटर हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण परीक्षा संपल्या आहेत, सभागृहात बारावीची मुलं दिसताहेत आणि त्यांच्या शेजारी खर्चाचा अंदाज घ्यायला आलेले आईबाबाही दिसताहेत. तेव्हा श्रोत्यांची वाण नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मॉनिटर घेताना सगळे खोक्यावरचा मोठा आकडा वाचतात: १४४, १८०, २४० हर्ट्झ. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर घ्यायचा असेल तर वाचायचा तो खालचा आकडा. आणि तो बहुतेक वेळा खोक्यावर नसतोच.

साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र वरपासून खालपर्यंत नव्यानं रंगवतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. ही त्याची ठरलेली लय. ग्राफिक्स कार्डाला मात्र अशी लय नसते. गेममध्ये रिकामी खोली असेल तर त्याची फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, ८ मिलिसेकंदांत तयार होते. धूर, स्फोट, पाऊस आणि वर वीस माणसं असतील तर २५ लागतात. मॉनिटर निम्मं चित्र रंगवून झालेला असताना नवी फ्रेम आली की वरचा भाग जुना आणि खालचा नवा, असं जोडचित्र पडद्यावर येतं. यालाच मुलं टेअरिंग म्हणतात. पाहायचं असेल तर गेममध्ये एखाद्या दाराच्या चौकटीसमोर उभे राहा आणि माउस झटकन डावी-उजवीकडे फिरवा. चौकटीचा उभा खांब एका आडव्या रेघेवर तुटतो आणि वरचा तुकडा बोटभर मागे राहतो.

यावर जुना उपाय व्ही-सिंक. मॉनिटरची फेरी पूर्ण झाल्याशिवाय फ्रेम बदलायचीच नाही. हा कारभार एसटीसारखा आहे. गाडी वेळेवर सुटणार. तुम्ही फाटकापाशी धापा टाकत पोचलात तरी ती गेलेली, आता पुढची. फ्रेमला १७ मिलिसेकंद लागले, म्हणजे जेमतेम थोडा उशीर झाला, तरी तिला ३३.३ पर्यंत ताटकळावं लागतं. साध्या व्ही-सिंकमध्ये ६० चे एकदम ३० होतात ते यामुळेच. चित्र तुटत नाही, पण अडखळतं, आणि माउस हलवल्यावर हात जड झाल्यासारखा वाटतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे वडाप. भरली की सुटली. फ्रेम तयार झाली की मॉनिटर फेरी सुरू करतो, तोवर थांबतो.

हे थांबणं कुठून आलं त्याची गंमत आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत चित्र रंगवत खाली यायचा आणि पुन्हा वरच्या कोपऱ्यात जायला त्याला थोडी उसंत लागायची. नळी गेली, झोत गेला, पण सिग्नलमधली ती रिकामी जागा तशीच राहिली. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये तीच जागा लांबवली जाते. लॅपटॉपच्या आतल्या पडद्यांसाठीच्या मानकात ही सोय २००९ पासून होती, आणि तिचा एक मोठा हेतू होता वीज वाचवणं. गेम खेळणाऱ्यांपर्यंत ती पुढे आली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं या सोयीची आपली आवृत्ती, जी-सिंक, जाहीर केली. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागे आणि त्याचा भार किमतीवर पडे. मे २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं डिस्प्लेपोर्टमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक ऐच्छिक म्हणून घातलं. त्याच्या आधारानं प्रतिस्पर्धी एएमडीचं फ्रीसिंक उभं राहिलं आणि २०१५ पासून तसे मॉनिटर बाजारात आले. दोन तट पडले. ज्याचं कार्ड त्याचा मॉनिटर, असा हा रोटी-बेटी व्यवहार पुढची काही वर्षं चालला. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानं दुसऱ्या तटाच्या मॉनिटरना आपलं दार उघडलं. आपण ४०० अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटर तपासले आणि त्यांतले १२ पसंतीस उतरले, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. परीक्षक स्वतःच प्रतिस्पर्धी होता हे लक्षात ठेवूनही, नुसत्या स्टिकरवर विसंबू नये एवढं त्यातून नक्की निघतं.

आता त्या खालच्या आकड्याकडे येतो. मॉनिटर वाट पाहतो, पण किती? एलसीडीचा पिक्सेल चित्र फार काळ जसंच्या तसं धरून ठेवू शकत नाही, म्हणून प्रत्येक मॉनिटरला एक पट्टा असतो. समजा तो ४८ ते ७५ हर्ट्झ आहे. गेम ६० फ्रेमनं चालला आहे तोवर सगळं गुळगुळीत. जड प्रसंग आला, फ्रेम ४५ वर उतरल्या, की पट्टा सुटला आणि टेअरिंग किंवा अडखळणं परत हजर. म्हणजे जिथे मदत हवी नेमकं तिथेच ती मिळत नाही.

याला एलएफसी नावाची युक्ती आहे. फ्रेम ४० वर आल्या तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची आणि मॉनिटर ८० वर चालवायचा. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. ४८ ते ७५ मध्ये तो दुप्पट होत नाही. ४८ ते १४४ मध्ये तिप्पट होतो. म्हणून ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ‘फ्रीसिंक’ लिहिलं आहे म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘फ्रीसिंक प्रीमियम’ असेल तर एलएफसी असतंच. नाहीतर कंपनीच्या तपशीलपत्रकातला पट्टा पाहा, आणि तो छापलेलाच नसेल तर दुसरा मॉनिटर बघा.

वरच्या टोकालाही पट्टा सुटतो, पण तिथे इलाज सोपा आहे. १४४ चा मॉनिटर असेल तर गेममध्ये फ्रेमची मर्यादा १४० च्या आसपास ठेवायची.

पॅनेलबद्दल थोडक्यात. आयपीएस घ्या आणि निर्धास्त राहा. व्हीए आणि ओलेडवर काळा रंग देखणा दिसतो, पण फ्रेमचा वेग सारखा वरखाली झाला की अंधाऱ्या दृश्यांत पडद्याचा उजेड लुकलुकतो. पिक्सेल किती वेळ धरून ठेवला यावर त्याची चमक किंचित बदलते, त्याचा हा परिणाम. दुकानात हे कळणार नाही, कारण तिथे भडक रंगांचे मासे नाहीतर फुलं फिरत असतात. दुकानदाराला एखादा अंधारा गेम लावायला सांगा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत याहून चमत्कारिक मागण्या रोज होतात.

आणि मुलांनो, मॉनिटर आधी ठरवू नका, आधी आपलं कार्ड पाहा. १०८० पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४० पीमध्ये ३७ लाख, फोर-केमध्ये ८३ लाख. मध्यम कार्डाला फोर-के जोडलं की ते धापा टाकणारच, आणि मग पट्ट्याच्या खालच्या टोकाशी सारखी गाठ पडणार. मध्यम कार्ड असेल तर २७ इंची १४४० पी आयपीएस पुरे. व्हॅलोरंट खेळणाऱ्याच्या फ्रेम साध्या कार्डावरही भरपूर पडतात; त्यानं हर्ट्झ वाढवावेत. सायबरपंक २०७७ सारखे जड गेम खेळणाऱ्याला पट्टा जास्त महत्त्वाचा. प्लेस्टेशन ५ ला अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकची सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली, पण ती ४८ ते १२० हर्ट्झची आणि एचडीएमआय २.१ वरची.

पालकांनी विचारण्याआधीच सांगतो: एक्सेल, पीडीएफ आणि ऑनलाइन क्लास यांना अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा काडीचाही उपयोग नाही. अभ्यासाच्या नावाखाली हा खर्च मंजूर होत असेल तर तो गेमच्या खात्यावर टाका आणि मग हो-नाही ठरवा.

मॉनिटर घरी आल्यावर तो संगणकाला डिस्प्लेपोर्टच्या केबलनं जोडा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ते जीटीएक्स १० मालिकेतलं किंवा त्यानंतरचं हवं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक पुष्कळदा बंद असतं, ते चालू करा. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही ते चालू आहे का पाहा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. १४४ चा मॉनिटर तिथे कित्येकदा ६० वरच चालत राहतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. ही सगळी तपासणी माल परत करण्याची मुदत संपण्याआधी उरका, आणि खोकं तोवर रद्दीत देऊ नका.