गडचिरोलीच्या जंगलातले चार दिवस
(दहावी १९८९ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. त्यामुळे मी बोलतो आहे तोवर तुमचं लक्ष वांग्याच्या भाजीच्या वासाकडे असणार, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या बॅचचे आम्ही सहाजण गडचिरोलीच्या जंगलात चार दिवस पायी फिरून आलो. दोन तंबू, एक स्टोव्ह, तांदूळ-डाळ आणि गुडघेदुखीच्या गोळ्या, एवढं सामान. आमच्यात एक कोळसा खाणीत काम करणारा, एक औष्णिक वीज केंद्रातला, एक बँकेतला, दोघी शिक्षिका आणि मी. ही यादी मुद्दाम सांगतो आहे. आपण चंद्रपूरची मुलं. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात पगार आला तो कोळशातून, विजेतून, सिमेंटमधून नाहीतर बल्लारपूरच्या कागदातून. त्याच पगारावर आपण शिकलो. आणि या चारही गोष्टी जंगलाच्या जागेवर किंवा जंगलाच्या मालावर उभ्या आहेत. त्यामुळे जंगल वाचवा असं आपण म्हणतो तेव्हा ते दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हणता येत नाही.

आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. त्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगल आहे. हे काही विषुववृत्तावरचं सदाहरित वर्षावन नव्हे. भूगोलाच्या सरांनी नकाशात हिरव्या पेन्सिलीने रंगवून घेतलेलं उष्णकटिबंधीय पानझडी वन ते हेच. फेब्रुवारीत त्याचा पाला गळत असतो, पळस आणि काटेसावर फुललेली असते आणि मोहाला कळ्या धरू लागलेल्या असतात. वाळल्या पाल्यातून सहाजण चालले की एवढा आवाज होतो, की वाघच काय, ससाही दिसत नाही. आम्हाला वाघ दिसला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

मूल, सावली करत वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोली मागे टाकली आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो. पहिले दोन दिवस मेंढा-लेखा या गावी होतो. सुमारे शंभर घरांचं, गोंड लोकांचं गाव. परवानगी आधीच मागितली होती. ती कुणा एका माणसाने दिली नाही, ग्रामसभेत विषय मांडला गेला आणि मग निरोप आला. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांचं एकमत होईपर्यंत विषय खुला राहतो. आमचा बँकवाला म्हणाला, “असं आमच्या सोसायटीत केलं तर पाण्याची टाकी सात जन्मात धुऊन होणार नाही.” आमच्याबरोबर चालणारे आजोबा हसले आणि म्हणाले, “वेळ लागते बाबू. पण मग कोणी पाय ओढत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या आजोबांच्या मागे निघालो ते दुपारी तीनला परतलो. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा आणि सगळीकडे बांबूची बेटं. एकेका बेटापाशी आजोबा थांबत. हा यंदाचा कोंब, याला हात लावायचा नाही. हा दुसऱ्या वर्षाचा, हा पण नाही. तीन वर्षं झालेला तेवढाच तोडायचा, तोही सगळा नाही, बेटाला आधार राहील एवढा सोडून. आमच्या शिक्षिका मैत्रिणीने वही काढून टिपून घेतलं. आजोबांची शाळा चौथीत सुटली होती. पण आमच्यापैकी कुणाचाच हिशेब इतका पक्का नव्हता.

जीवशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून एक गोष्ट सांगतो. बाई, तुम्ही आम्हाला नववीत शिकवलं होतं की बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. परीक्षेत तो एका मार्काचा प्रश्न होता. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. झाड म्हटलं की ते सरकारी इमारती लाकूड. मग गावकऱ्याने झोपडीला बांबू तोडला तर गुन्हा, आणि कागद कारखान्याला मात्र तोच बांबू करारावर स्वस्तात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं आणि तो गावाच्या हक्कात आणला. वन कायद्यातली ‘झाड’ची व्याख्या दुरुस्त व्हायला मात्र २०१७ साल उजाडलं. तुमच्या त्या एका मार्काची किंमत किती मोठी होती, हे आम्हाला मेंढ्याच्या जंगलात कळलं.

मेंढा गावाला १८०० हेक्टरच्या आसपास जंगलाचा सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला. देशात पहिल्यांदा ज्या गावांना तो मिळाला, त्यांत हे गाव होतं. तरी बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतुकीचा परवाना कोण देणार, यावर गाडं अडलं. हक्क तुमचा, पण परवाना आमचा, असा तो प्रकार. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावाने स्वतः बोली लावून बांबू विकला.

हे सगळं एका मोर्च्याने झालं नाही. संध्याकाळी गोटुलापाशी बसलो असताना आजोबांनी त्याची सुरुवात सांगितली. ऐंशीच्या दशकात गावाने सागाचं लाकूड वापरून गोटूल बांधला. वनखात्याने तो पाडला. गावाने तो पुन्हा बांधला. पण त्याबरोबर आणखी एक काम केलं: अभ्यासगट सुरू केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतील. त्या अभ्यासगटात कायदा वाचायचा, बाहेरून जाणकार माणूस बोलवायचा, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. म्हणजे आधी अभ्यास, मग निर्णय. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही त्या गावची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागचा अभ्यास फारसा कुणाला माहीत नाही. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे सामूहिक वनहक्क आहेत.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे वळलो. चामोर्शी, आष्टी आणि पुढे आलापल्ली. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर ‘वनवैभव’ नावाचा जुन्या जंगलाचा एक तुकडा राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. तिथले साग मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शेंड्यापर्यंत दिसत नाहीत. आम्ही तिघांनी हात धरून एका झाडाला वेढा घालायचा प्रयत्न केला. वीज केंद्रातला मित्र बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, “सगळं जंगल पूर्वी असंच असेल काय?” कुणी उत्तर दिलं नाही. जे राखलं त्याचा फलक लागतो. जे राखलं नाही त्याला फलकही नसतो.

आलापल्लीच्या रस्त्यावर लाल धूळ आहे. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा लाल झाली आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज भरून येणारे ट्रक एकामागून एक जात होते. आमच्या खाणीतल्या मित्राने सवयीने ते मोजायला घेतले आणि थोड्या वेळाने सोडून दिले. सुरजागडचा डोंगर म्हणजे माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचं ठिकाण. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. खाणीसाठी जवळपास ३५० हेक्टरचा पट्टा आहे, आणि २०२३ मध्ये खाणीची मंजूर क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली.

चहाच्या टपरीवर एक तरुण भेटला. खाणीच्या कामावर होता. त्याला मी विचारलं, हे बरं झालं की वाईट? तो म्हणाला, “सर, मला महिन्याला पगार येतो. माझा बाप तेंदूपत्त्याच्या पंधरा दिवसांवर वर्ष काढत होता. पण डोंगर संपल्यावर काय, ते कोणी सांगत नाही.” हे उत्तर मी अजून डोक्यातून काढू शकलेलो नाही. कारण आपल्या चंद्रपुरातही हाच प्रश्न आहे. आपल्या वडिलांनाही महिन्याला पगार येत होता. त्या पगाराच्या बदल्यात आपण काय दिलं, हे उन्हाळ्यात चंद्रपूरचं तापमान वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा आपल्याला कळतं.

शेवटचा मुक्काम भामरागडला. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तिथे संगम आहे. पलीकडे छत्तीसगड. अलीकडे तीनेक किलोमीटरवर हेमलकसा, जिथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालू आहे. संगमावर सूर्य मावळेपर्यंत बसलो. इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं होणार होती. ती झाली असती तर या भागातलं कितीतरी जंगल आणि माडियांची गावं पाण्याखाली गेली असती. १९८४ च्या सुमारास बाबा आमटे आणि लाल श्यामशहा यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. तेव्हा आपण शाळेत होतो. भोपालपटनमचं धरण झालं नाही. इचमपल्लीचं नाव मात्र नदीजोडच्या चर्चेत आजही निघतं. म्हणजे वाचलेलं जंगल कायमचं वाचलं, असं कधीच होत नाही. प्रत्येक पिढीला तो पेपर पुन्हा सोडवावा लागतो.

आणि हे काम फक्त आदिवासी गावांनीच करायचं असतं, असंही नाही. ताडोब्याच्या शेजारी लोहारा इथे कोळसा खाण यायची होती, ते आठवतं ना? तेव्हा आपल्या चंद्रपूर शहरातली माणसं उभी राहिली. २००९ मध्ये बंडू धोतरे यांनी उपोषण केलं, पर्यावरणवाल्यांनी कागद काढून दाखवले, वाघांचा येण्याजाण्याचा मार्ग तिथून कसा जातो ते मांडलं, आणि त्याच वर्षी तो प्रकल्प मागे पडला. मेंढा गावाला हक्क मिळाला तेही २००९ सालच. एकीकडे शंभर घरांचं गाव, एकीकडे आपलं शहर. दोन्हीकडे माणसांनी आधी कागद वाचले होते.

जंगल आपल्या वागण्याला उत्तर देतं, हेही तिथे कळलं. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. पिकांचं नुकसान झालं, गावं घाबरली. वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या तर आपण दोन्ही जिल्ह्यांतून सतत वाचतो. जंगलाचे तुकडे झाले की जनावर आणि माणूस एकाच पायवाटेवर येतात. त्याची किंमत मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली बाई देते. नागपूरहून सफारीला आलेला माणूस देत नाही.

आता शेवटचं, आणि मग जेवायला मोकळे.

मला या मेळाव्यापुढे दोन प्रस्ताव ठेवायचे आहेत. पहिला असा. दरवर्षी डिसेंबरात आपल्या शाळेच्या नववीच्या वीस मुलामुलींचं दोन दिवसांचं शिबिर, ज्या ग्रामसभा परवानगी देतील त्यांच्या गावात. खर्च आपल्या बॅचचा. सहलीसारखं नको. मुलांनी बांबूचं बेट मोजावं, मोहाखालचा पाला न जाळता झाडून कसा काढतात ते शिकावं, ग्रामसभेत मागे बसून ऐकावं. मुख्याध्यापकांशी मी प्राथमिक बोललो आहे. त्यांनी पालकांची लेखी संमती आणि दोन शिक्षिका सोबत, या अटी घातल्या आहेत. त्या योग्यच आहेत.

दुसरा प्रस्ताव मोठ्यांसाठी. मोठ्या खाणी-कारखान्यांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. तिची जाहीर सूचना किमान तीस दिवस आधी निघते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करून द्यावा लागतो. तो सारांश किती लोक वाचतात? आपल्यात खाणीतले अभियंते आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, शेती करणारे आहेत. कोळसा कसा निघतो, पाण्याचं काय होतं, धुळीने फुप्फुसाचं काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? तेव्हा आपलाही एक अभ्यासगट असावा. महिन्यातून एकदा, याच शाळेच्या एखाद्या वर्गात. विरोध करायचाच, असं आधी ठरवून नाही. पाठिंबा द्यायचाच, असंही नाही. वाचायचं, विचारायचं, मग प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं. आमच्या खाणीतल्या मित्राने पहिलं नाव स्वतःचं लिहिलं आहे. नोकरीत असताना असं नाव लिहिणं सोपं नाही, म्हणून त्याच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.

एक वही बाहेर रजिस्ट्रेशनच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर शिबिर, दुसऱ्या पानावर अभ्यासगट. जेवून झाल्यावर हात धुवा आणि नाव लिहा. गुरुजनांना विनंती, की पहिल्या बैठकीला आपण यावं आणि पूर्वीसारखंच मागच्या बाकावरच्यांना आधी प्रश्न विचारावा.