बौद्धिक क्षमतांची रचना आणि घटक विश्लेषण



एका विषयात चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी बहुधा इतर विषयांतही पुढे असतो. या परिचित निरीक्षणाला गणिती रूप देण्याचे श्रेय ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांच्याकडे जाते. शालेय विषयांतील गुणांमध्ये त्यांना सर्वत्र धन सहसंबंध आढळला. प्रत्येक चाचणीमागे एक सामान्य घटक आणि त्या चाचणीपुरता एक विशिष्ट घटक असतो, असा सिद्धांत त्यांनी १९०४ मध्ये मांडला. घटक विश्लेषणाचा उगम तोच.

या पद्धतीत सहसंबंधांचे मोठे कोष्टक मोजक्या घटकांत संक्षिप्त केले जाते. १० चाचण्यांमध्ये ४५ सहसंबंध असतात. ते दोन-तीन घटकांनी स्पष्ट करता येतात काय, हे पाहिले जाते. चाचणी व घटक यांच्या संबंधास 'घटकभार' म्हणतात. तो ०.८ असल्यास, त्याचा वर्ग ०.६४ म्हणजे त्या चाचणीच्या गुणांतील ६४ टक्के प्रचरण त्या घटकाने स्पष्ट होते.

मात्र घटकांचे अक्ष कोठे ठेवावेत, हे केवळ आकडे ठरवीत नाहीत. अमेरिकेतील लुई थर्स्टन यांनी अक्ष फिरवून १९३८ मध्ये शाब्दिक आकलन, शब्दप्रवाह, संख्याक्षमता, अवकाशबोध, स्मृती, संवेदनवेग आणि तर्क अशा सात प्राथमिक क्षमता मांडल्या. पुढे या क्षमतांमध्येही परस्परसंबंध आढळला. जॉन कॅरॉल यांनी ४६० हून अधिक माहितीसंचांचे पुनर्विश्लेषण करून १९९३ मध्ये तीन स्तरांची रचना सुचविली : तळाशी विशिष्ट क्षमता, मध्ये व्यापक क्षमता आणि शिखरावर सामान्य क्षमता. अशा रीतीने स्पिअरमन व थर्स्टन या दोघांच्याही मतांना एकाच रचनेत स्थान मिळाले.

तरीही घटक म्हणजे मेंदूतील एखादी वस्तू नव्हे. अनेक लहान, स्वतंत्र क्षमता निरनिराळ्या चाचण्यांत सामाईकपणे वापरल्या गेल्या, तरी तसाच सामान्य घटक दिसू शकतो, हे गॉडफ्रे थॉमसन यांनी १९१६ मध्येच दाखविले होते. हा भेद केवळ तात्त्विक नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये बहुसंख्य मुलांनी कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावे, हे अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या परीक्षेवर ठरू लागले. सामान्य बुद्धी जन्मजात व मोजण्याजोगी असते, या धारणेचा त्या व्यवस्थेला आधार होता.

सारांश, घटक विश्लेषण गुणांमधील संबंधांची रचना दाखविते. त्या रचनेचे कारण आनुवंशिकता, पोषण की शिक्षण, हे ठरविण्यास वेगळा पुरावा लागतो. एका अंकावरून मुलाचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार ही पद्धत कोणालाही देत नाही.