चौथी ट्यूबवेल

आज जरा घरचंच सांगतो.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, रावेरकडे. रात्री जेवताना काका म्हणाले, "तीन नंबरच्या ट्यूबवेलनं पाणी सोडलं. चौथी मारायची म्हणतोय." काकू काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. तिसरीच्या वेळी तिच्या पाटल्या गेल्या होत्या.

तापीच्या खोऱ्यात, केळीच्या पट्ट्यात, पाणी खाली जातंय ते का?

आधी जमीन बघू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलाय, तिथं विहिरीला खडकाच्या फटीतलं पाणी लागतं. आमच्याकडे तसं नाही. तापीनं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी आणलेली वाळू, गाळ, चिकणमाती, असे थरावर थर आहेत, शेकडो फूट खोल. पाणी असतं वाळूच्या थरात. त्यामुळे नुसतं भोक पाडून भागत नाही, केसिंग घालावं लागतं, नाहीतर ढासळतं. पैसा तिथंच जातो.

आता हे पाणी भरतं कुठून? आपल्याला वाटतं, शेतात पडलेला पाऊस थेट खाली जातो. पण मध्ये चिकणमाती आडवी येते. खरी भरती होते सातपुड्याच्या पायथ्याला. सुकी, मोर या नद्यांनी डोंगर सोडताना जिथं दगडगोटे आणि जाड वाळू टाकली, तो पट्टा. भूगर्भवाले त्याला 'बझाडा' म्हणतात. पावसाळ्यात नदी त्यात शिरते आणि चक्क जिरते.

ही झाली जमा. खर्च ऐका. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १७४२ केळी. भर उन्हाळ्यात एका झाडाला ठिबकनं दिवसाला १८ ते २० लिटर पाणी लागतं. म्हणजे एकरी रोज तीस-पस्तीस हजार लिटर. दहा हजारी टँकर तीन तरी धरा, एका एकराला, रोज!

तुम्ही म्हणाल, ठिबक आहे ना मग? आहे की. आमच्याकडे ठिबक नसलेला केळीवाला शोधून सापडायचा नाही. पण गंमत काय झाली, पाटानं पाणी द्यायचे तेव्हा काकांची केळी चार एकर होती. ठिबक आल्यावर नऊ झाली. वाचलेलं पाणी जमिनीत राहिलंच नाही, ते वाढलेल्या बागेला गेलं. मी नावं ठेवत नाही हं. माझी कॉलेजची फी याच बागेनं भरलीय.

सरकारी उपायही आहे. तापी मेगा रिचार्ज. सातपुड्याच्या कडेकडेनं कालवे काढून पुराचं पाणी त्या बझाडा पट्ट्यात सोडायचं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं करारही केला. कल्पना मला पटते. पण काकांची बाग यंदाची आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेताच्या वरच्या अंगाला गेलो. आमचं रान पायथ्याला लागून, नाल्याकाठी आजोबांची जुनी विहीर आहे. कोरडी, कचऱ्यानं भरलेली. मी म्हटलं, "काका, नाल्याचं पाणी हिच्यात सोडू. आधी खड्डा करायचा, त्यात मोठे दगड, मग खडी, वर वाळू. गाळून आलेलं पाणीच आत जाऊ द्यायचं. गढूळ सोडलं तर गाळानं विहीर बुजेल. ट्यूबवेलच्या खर्चाच्या मानानं हे किरकोळ आहे."

काका हसले. "अरे, मी पाणी जिरवणार अन् ओढणार शेजारचा."

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बांध वर असतो, खाली वाळूच्या थराला सातबारा नाही. त्यांनी जिरवलेलं पाणी शेजारी ओढणार, आणि शेजाऱ्याचं ते ओढतातच की आजही. हे मी बोललो नाही. काकू बोलली, डबा घेऊन आली होती ती. "मग त्यालाबी बोलवा ना, दोघं मिळून करा."

शेजारचे अण्णा येतो म्हणाले, अजून आलेले नाहीत. बोअरची गाडीही अजून बोलावलेली नाही. विहिरीतून मात्र दोन ट्रॉली कचरा निघालाय, परवा काकूनं फोटो पाठवला. पुढचं पावसाळ्यानंतर सांगतो.